वॉर्डात न झालेला मृत्यू

लकडगंजात सागवान विकत मी मोठा झालो. सौदा करताना माझा आवाज चढतो आणि बहुतेकदा समोरचा उतरतो. दवाखान्यात आवाज चढवून काही झाले नाही.

बायकोच्या पोटातली गाठ काढली होती. टाके आधी लाल झाले, मग त्यांत पू झाला, ताप उतरेना. शेजारच्या खाटांवर पोटाचेच ऑपरेशन झालेल्या दोघी होत्या, त्यांचेही टाके तसेच पिकलेले. मोठ्या डॉक्टरांना मी वाटेत अडवले आणि विचारले, तिघींना एकदमच कसे झाले? हत्यारे उकळता की नाही? ते म्हणाले, प्रत्येकीची प्रकृती वेगळी. मी म्हटले, औषध बाहेरून आणतो, सांगाल तेथून. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आता घरी न्या. शेवटी आपल्या माणसांत असलेलं बरं."

मी साफ नाही म्हणालो. इथे बिघडले, तर जे व्हायचे ते इथेच होऊ द्या. ओरडा ऐकून वॉर्डबॉय धावत आला. तेवढ्यात बायकोने माझा सदरा ओढला.

"काहून भांडून राहिले जी? मले घरी न्या. खाटेवर नाही मरायचं मले."

आमच्याकडे शेवटच्या घटकेला माणसाला खाटेवरून घरच्या सारवलेल्या भुईवर उतरवतात. तिला तेवढेच हवे होते. शेजारच्या दोघींनाही त्याच दिवसांत टांग्यात घालून नेले. बायको घरी गेली, आमच्या भुईवर.

तिची तेरवी झाल्यावर मी दवाखान्याच्या कचेरीत गेलो. कारकून भला माणूस होता. त्याने सांगितले, पेशंट येथून जिवंत गेली, नातेवाइकांच्या इच्छेने. तिचा मृत्यू इथे धरता येत नाही. त्या दोघींचे पुढे काय झाले, ते कोणी विचारले नव्हते.

"मग टाके पिकून मेल्या किती?" मी विचारले.

"एकही नाही, शेठजी. परवा वरून साहेब आले होते. आमच्या वॉर्डाची तारीफ करून गेले."

मी टेबलावर हात आपटला. मग घासाघीस सुरू केली. तिघींची चौकशी करा. नाही तर एकीची. तेही नाही, तर माझ्या बायकोच्या नावापुढे इतकेच लिहा, की याच जखमेच्या तापाने ती घरी वारली. इतका खाली मी कोणत्याच सौद्यात आलो नव्हतो. कारकुनाने चहा मागवला. लिहिले काही नाही.

बाहेर पायरीशी टांगा उभा होता. एक म्हातारा आपल्या सुनेला उचलून आणत होता. पोटावर पट्टी, अंग तापलेले. मी म्हटले, बाबा, नेऊ नका.

"डॉक्टरच म्हणते न्या," तो म्हणाला. "ठेवून बरी होईल का जी? तुमाले ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हते. घोडा बुजत होता, म्हणून मी त्याचा लगाम धरून ठेवला. म्हाताऱ्याने सुनेला टांग्यात निजवले.