बाथरूमच्या पाइपातली राख

आमच्या घरात लाद्यांचं बाथरूम झालं ते दोन हजार सालाच्या आसपास. मुलाच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याआधी मागल्या दारी उघडी मोरी होती, चार दगडांची. अंघोळ तिथं, भांडी तिथंच. मी भाताच्या तुसाच्या राखेनं भांडी घासायची आणि ते पाणी अळवात जायचं. अळू माजायचं.

मुलगा कल्याणला कारखान्यात जायचा. तिकडचं बघून त्यानं बाथरूम बांधलं, आत नळ घेतला, जमिनीखालून पाइप काढला. नळ आत गेला म्हणून मी भांडी आत नेली. भांड्यांबरोबर राखही नेली.

वर्षभरात पाणी तुंबायला लागलं. अंघोळीला उभं राहिलं की घोट्यापर्यंत घाण. मुलानं जाळी उचलली तर वरच सुनेच्या केसांचा गुंता निघाला. तिचे केस कमरेखाली यायचे. झालं. त्यानंतर पाणी तुंबलं की तो तिला मारायचा. सळई घालायचा, पाणी जरा उतरायचं, आठ दिवसांनी पुन्हा तुंबायचं, पुन्हा मार.

एकदा ती म्हणाली, "केस वरच अडकतात. खाली राख बसलीय."

"माझ्या आयेचं नाव घेतंस?" म्हणून त्यानं तिच्या तोंडावर तांब्या मारला. ओठ फाटला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. सगळं ऐकलं आणि निवडत राहिले. ती खरं बोलतेय हे मला कळत होतं. पण मीही मार खाऊनच नांदले होते, आणि दुसरीला बसतोय तोवर आपण गप्प राहावं, एवढीच माझी अक्कल. राख बंदही केली नाही. बंद केली असती तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

मग एका रविवारी सकाळी त्यानं मुरबाडच्या बाजारातून ऍसिडची बाटली आणली. अर्धी ओतली. धूर निघाला, आम्हाला ठसका लागला, पाणी मात्र हललं नाही. त्यानं बायकोची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला खाली दाबलं.

"घाल हात. तुझी घाण हाय, तूच काढ."

"अवो, हात जळंल."

"जळू दे."

तिनं हात घातला. अशी ओरडली की शेजारीण कुंपणापर्यंत धावत आली. त्याला बघून मागं फिरली.

मी पहार उचलली. घराबाहेर, भिंतीलगत पाइप जिथं वळतो, तिथली माती उकरली आणि पहार घातली. तीन घावांत पाइप फुटला. आत राखच राख. भांड्यांतल्या पेजेच्या चिकानं धरलेली, सिमेंटसारखी घट्ट. केस असतील चार.

आवाज ऐकून मुलगा बाहेर आला.

"बघ," मी म्हणाले. "ही राख माझी. आता मार मला."

तो हसला. "काय आये तू पण! आयेला कोन मारतो?"

त्याचं हसणं बघितलं आणि पहार त्याच्या नडगीवर घातली. हाड मोडलं नाही, महिनाभर लंगडला. मोडलं असतं तरी मला चाललं असतं.

तोवर सून हंड्यात हात बुडवून बसली होती. दुपारच्या जीपनं ती शेणव्याला माहेरी निघून गेली. सोललेला हात पदरात धरला होता. मी अडवलं नाही.

पंधरा दिवसांनी मी शेणव्याला गेले. तिच्या भावांसमोर सांगितलं, पाइप मी तुंबवला, मला ठाऊक होतं, तरी तिला मार खाऊ दिला.

ती म्हणाली, "तुमाला ठाऊक हाय, हे मला पन ठाऊक होतं आई. म्हनून जास्ती लागायचं."

"चल गो घरी."

"नाय."

तिनं डाव्या हातानं चहा दिला. उजव्याची बोटं अजून वळत नव्हती. मी चहा प्यायले आणि जीप पकडली.

घरी मुलानं विचारलं, "काय बोलली?"

"येत नाय," मी म्हणाले. "आनि मी परत बोलवायला जानार नाय."