म्हशीच्या घरी

भूकंपात कुठलं घर कितपत टिकेल, हे पाहायला आलेल्या इंजिनिअरबाई शेजारच्या अण्णांच्या नव्या बंगल्यासमोर थबकल्या. खाली गाडीसाठी नुसते बारीक खांब, वर गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचे दोन हत्ती.

त्या अण्णांना म्हणाल्या, "सगळं वजन डोक्यावर घेतलंय हो! त्यापेक्षा तुमचा गोठा बरा. लाकडी मेढी, हलके पत्रे. हलेल, पण पडायचा नाही."

अण्णा हसून हत्तींची किंमत सांगू लागले. मला वाटलं, घरात आपण राहतो, पण बांधतो मात्र रस्त्यावरून बघणाऱ्यांसाठी.

संध्याकाळी अण्णांची बाज गोठ्यात!

"म्हैस व्यायला टेकलीय," ते म्हणाले.

तिचं पंधरा दिवसांचं रेडकू शेजारीच उड्या मारत होतं. म्हैस मात्र रवंथ थांबवून अण्णांकडे बघत होती, न विचारता सामान टाकणाऱ्या भाडेकरूकडे घरमालकीण बघते तशी.