कंस कुठे संपतो

आमचं ऑफिस नवीन पनवेलमध्ये, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. छोटी कंपनी आहे, भाड्याच्या घरांची वेबसाइट चालवते. एजंट घरांची माहिती भरतात आणि लोक शोधतात. त्या शोधासाठी फिल्टर करायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि तोही गटात गट बसवता येईल असा. कारण माणसं घर मागतात ती अशी: नवीन पनवेल किंवा खांदा कॉलनी चालेल, पण तळमजला हवा, नाहीतर लिफ्ट तरी हवी. यात 'किंवा'चे दोन गट झाले आणि दोन्ही एकदम लागू व्हायला हवेत. गणितात आपण कंस घालतो, त्याऐवजी मी पडद्यावर चौकोन केले होते. चौकोनात चौकोन, प्रत्येकाचा रंग वेगळा, आतला जरा उजवीकडे सरकलेला. दिसायला ते छान होतं आणि मी खुशीत होते.

त्याच सुमाराला टेस्टिंगसाठी एक नवी मुलगी आली. तिला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तिच्या हेडफोनमध्ये इतक्या वेगानं बोलायचा, की मला त्यातला शब्दही कळत नसे. ती मात्र तो ऐकता ऐकता माझ्याशी गप्पाही मारायची.

मी फिल्टर तिच्याकडे दिला. ती बराच वेळ कीबोर्डवर होती, मग खुर्ची वळवून म्हणाली, "मी नवीन पनवेल किंवा खांदा कॉलनी मागितलं, तर तू मला कोन गावातलं घर दाखवतेयस. आणि नवीन पनवेलमधलं दाखवलंस ते तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं."

मी जाऊन पाहिलं. तळमजल्याची आणि लिफ्टची, दोन्ही अटी जागांच्याच गटात जाऊन बसल्या होत्या. म्हणजे नवीन पनवेल किंवा खांदा कॉलनी किंवा तळमजला किंवा लिफ्ट. कॉम्प्युटरनं मागितलं तेच दिलं होतं.

"अटी चुकीच्या गटात गेल्यायत," मी म्हटलं.

"पहिला गट संपला कुठे?"

"हा काय, निळा चौकोन..." मी तिथेच थांबले.

ती हसली. "निळा ऐकू येत नाही गं."

मला वाटलं, आता ती भलीमोठी तक्रार लिहून साहेबांकडे पाठवेल. तिनं खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. "पडदा विसर. मी एजंट आहे असं समज आणि मला घर माग. तोंडानं."

मी सुरुवात केली. "जागा नवीन पनवेल किंवा खांदा कॉलनी, दोन्हीपैकी कुठेही. शिवाय..."

"थांब. 'दोन्हीपैकी कुठेही' म्हणालीस ना, तिथे कंस संपला. बोलताना तू तो बरोबर घालतेस. मग पडद्यावर का नाही?"

पुढे आम्ही दोघींनी मिळून सगळं नव्यानं बांधलं. गट सुरू झाला की 'यांपैकी कोणतंही एक' किंवा 'हे सगळं' असं ऐकू यायला लागलं, संपला की 'गट संपला'. आतली एखादी अट काढून टाकली की कर्सर थेट पानाच्या सुरुवातीला उडी मारायचा. मला ती बारीक गोष्ट वाटत होती, पण तो जवळच्या अटीवर थांबेपर्यंत तिनं मला सोडलं नाही. गटाच्या आत गट, त्याच्या आत आणखी एक असं झालं की मला कागदावर आकृती काढावी लागायची. ती मान जराशी तिरकी करून सांगायची, "सगळ्यात आतला गट रिकामा राहिलाय बघ." आणि तो खरंच रिकामा असायचा. मांडलेला शोध वरच्या बाजूला एका सरळ मराठी वाक्यात लिहून यावा, ही कल्पनाही तिचीच.

कोनचे एक वयस्कर एजंट ते बघायला आले. त्यांनी चष्मा वर करून ते वाक्य वाचलं. "ह्ये वरचं चांगलं हाय. खालचे डबे मना नाय समजत." साहेबांनी त्याच दिवशी वाक्य मोठं करायला सांगितलं आणि माझे रंगीत चौकोन एका बटणामागे गेले. मला वाईट वाटलं नाही.

एकदा डबा खाताना मी विचारलं, "प्रत्येक टेस्टला तू तेच घर का शोधतेस?"

"मला तेच हवंय म्हणून." ती नेऱ्याला भाऊ-वहिनीकडे राहत होती. "दोघं खूप चांगली आहेत. मला पाणीसुद्धा हातानं घेऊ देत नाहीत. म्हणून निघायचंय."

आमच्याच साइटवर तिला खांदा कॉलनीत तळमजल्यावरचं घर मिळालं. मालकीणबाईंनी फोनवर होकार दिला होता.

"मी येऊ बरोबर?" मी विचारलं.

"ये. पण मध्ये बोलू नकोस."

दारात तिच्या हातातली पांढरी काठी पाहून मालकीणबाईंचा आवाज बदलला. "एकट्या राहणार? गॅस वगैरे कसं करणार तुम्ही?"

मध्ये बोलायचं नव्हतं, म्हणून मी चपला काढायला वाकले.

"काकू, स्वयंपाकघर बघू का?" असं म्हणत ती आत गेली. ओट्यावरून, खिडकीवरून हात फिरवला, मग वाकून सिंकखाली चाचपून पाहिलं. "इथला पाइप झिरपतोय. आणि खिडकीची कडी लागत नाही. एवढी दोन कामं करून दिलीत तर मी एक तारखेला सामान आणते."

काकूंनी स्वतः कडी लावून बघितली. ती लागली नाही.

"कडी उद्या बसवून घेते," त्या म्हणाल्या. "पाइपचं प्लंबरला विचारावं लागेल."

"विचारा," ती म्हणाली, आणि पलंग कुठे बसेल ते बघायला बाहेरची खोली पावलांनी मोजायला लागली.