महादूकाकांचा बँकर

आमच्या गावात महादूकाकांना सगळे बँकवाले म्हणतात, पण काका एक दिवस पण बँकेत नव्हते. ते होते रेल्वेत, कसाऱ्याला, तेहतीस वर्षं. लांबच्या गाडीला कसाऱ्याच्या पुढचा घाट एकटीला चढवत नाय. म्हणून तिच्या मागं अजून इंजिनं लावतात आणि ती गाडीला ढकलत इगतपुरीला नेतात. त्या मागच्या इंजिनाला बँकर म्हणतात. तो बँकर गाडीला जोडायचं काम काकांचं. रुळात उतरायचं, कपलिंग अडकवायचं, हवेचे पाइप जोडायचे, बाहेर येऊन झेंडी दाखवायची. दिवसातनं कितीतरी वेळा.

मग बँकवाले कसे झाले? लग्न ठरवताना मध्यस्थाने विचारलं, पोरगा काय करतो. काका लाजत बोलले, "बँकरवर आहे." जनीकाकीच्या बापाने, गोजर आजाने, ऐकलं बँकेवर. आजा टोकावड्याकडचा. आमच्या अख्ख्या मुरबाड तालुक्यात रेल्वे नाय, तिथं बँकर कोणाला माहीत असणार! पत्रिका छापून आली, चि. महादू, आणि खाली कंसात, बँक, कसारा. काकांच्या हातात पत्रिका पडली तेव्हा ती दोन तालुक्यांत वाटून झाली होती. तेव्हा ते बोलले नाय, आणि मग बोलायचं राहूनच गेलं. काकीला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. ती पण बापाला काय बोलली नाय. काका सुट्टीवर आले की लोक कर्जाचे फॉर्म घेऊन दारात उभे राहायचे. काका बिचारे भरून द्यायचे. आधी मुरबाडला जाऊन शिकून आले, मग भरून द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी काका रिटायर झाले. निरोप समारंभाला आजा नवीन टोपी घालून कसाऱ्याला गेला. भाषणं झाली, हार घातले, आणि आजाने शेजारच्या माणसाला विचारलं, "आमचे जावई कुठं बसायचे? टेबल कोणतं?" तो माणूस हसला आणि त्याने खिडकीतनं रूळ दाखवले. तिथं मधे उतरायचे, बोलला.

आजा जेवला नाय. तसाच निघाला. जाताना काकीला एवढंच बोलला, "गाडीला धक्का मारनाऱ्याला पोर दिली मी."

तेव्हापासून तो लेकीच्या दारात आला नाय. दरवर्षी आमच्या जवळच्या म्हसा गावाला, म्हशाच्या जत्रेला यायचा, बैलबाजार फिरायचा आणि दोन रात्री लेकीकडं राहायचा. गेल्या वर्षी जत्रेला आला आणि तिथनंच परस्पर एसटी धरून गेला. काकी भाकऱ्या थापून बसली होती. आमी बाजूलाच राहतो, मी बघितलंय तिला. त्या भाकऱ्या तिने कोणालाच दिल्या नाय, म्हशीला घातल्या.

काका कमी बोलतात. पण त्या जत्रेनंतर त्यांनी माळ्यावरचं जुनं दार खाली काढलं आणि त्याच्यावर माती, भुसा, कागदाचा लगदा असं करून घाट बनवायला घेतला. कुणालीताईने, मंजे त्यांच्या पोरीने, बदलापूरवरनं एक ट्रेनचा सेट आणून दिला होता, रुळातनं करंटवर चालणारा. ते रूळ त्यांनी घाटावर टाकले. डब्यांत नट भरले, वजन पाहिजे म्हणून. गाडी सोडली की अर्ध्या चढापर्यंत जाते आणि मग चाकं जागच्या जागी फिरत राहतात. काका खूश!

मी बोलले, "काका, चढत नाय ना ही!"

"नायच चढली पायजे गो. तोच तर मुद्दा हाय."

आता मागं लावायला इंजिन पाहिजे होतं. "सांगून नाय कळनार जनीच्या बापाला," काका बोलले, "दिसलं पायजे." यंदाच्या जत्रेला बारा दिवस होते. नव्या इंजिनाची किंमत मी मोबाइलवर बघितली आणि मोबाइल लगेच उलटा ठेवला. मग मला इंस्टावर दिसलं, कल्याणला एका शाळेच्या हॉलमधे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन, आणि खाली लिहिलेलं, जुन्या सामानाची विक्री. मी ओरडतच काकांच्या घरात घुसले.

हॉलमधे एवढ्या गाड्या! बोगदे, पूल, बारकी बारकी माणसं प्लॅटफॉर्मवर उभी. पण काकांनी तिकडं बघितलं पण नाय. सरळ मागच्या भिंतीकडं, जिथं जुन्या सामानाची टेबलं होती. बाकीचे लोक रंग बघत होते, खोका आहे का विचारत होते. काका एकेक इंजिन उचलायचे आणि तळहातावर तोलायचे, मासे घेताना काकी तोलते तसं. मग उलटं करून चाकावर अंगठा फिरवायचे. मग खिशातनं बांबूची एक काडी काढायचे. ती घरच्या रुळाच्या मापाने कापून आणलेली. ती दोन चाकांच्या मधे धरायचे आणि इंजिन खाली ठेवायचे. एक हिरवं इंजिन एवढं भारी होतं, पण काडी बसेना, ते बारीक रुळाचं होतं. एक बसलं तर हलकं. "हे खेळन्यातलं हाय," बोलले. मला हसू आलं, तिथं सगळंच खेळण्यातलं होतं.

शेवटच्या टेबलावर धनेश नावाचा माणूस होता. त्याच्याकडं चपलांच्या खोक्यात मोडकं सामान होतं. त्यातनं काकांनी एक काळपट इंजिन काढलं. तोललं. परत तोललं. काडी बसली.

धनेश बोलला, "ते नका घेऊ काका, एका बाजूचं कपलिंग तुटलंय. डबे एकाच बाजूला लागतील. शोपीस म्हणून ठेवायचं असेल तर वेगळं."

काकांचे कान हलले. मला माहीत आहे, त्यांना आनंद झाला की कान हलतात. बँकरला एकच बाजू लागते! त्याच्या मागं काहीच नसतं! आणि मी, गप्प बसायचं सोडून, केवढ्याने ओरडले, "काका हेच! हेच पाहिजे होतं ना आपल्याला!"

धनेशने इंजिनाकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. "तसं चालू आहे ते," तो बोलला, "मोटर एकदम चांगली आहे त्याची."

झालं. काकांनी माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच रडू यायला लागलं. "बैल बघताना तोंड मिटून ठेवायचं असतं गो," एवढंच बोलले. आणि मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, धनेशचा हात धरला आणि दोन्ही हातांवर टॉवेल टाकला.

धनेश घाबरला. "काका? काय करताय?"

"सौदा."

म्हशाच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने नाय करत. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबायची, किती बोटं त्यावरनं आकडा, बाजूच्याला काय कळत नाय. मी धनेशला हे भडाभडा सांगितलं. तो हसायलाच लागला, पण हात काढला नाय. "मला नाही येत हो."

"येतंय की. हे शंभर. हां, आता तुमी दाबा."

आजूबाजूचे चार जण बघायला लागले. दोघं टॉवेलखाली काय काय करत होते, एकदा धनेश ओरडला, "अहो एवढं कमी नको!" काका बोलले, "बोलायचं नाय." मग दोघांनी हात काढले. किती बोटं दाबली ते काकांनी मला सांगितलं नाय, काकीला पण नाय. निघताना धनेशने विचारलं, एवढ्या मोडक्या इंजिनाचं करणार काय. काका बोलले, "सासऱ्याला दाखवनार."

जत्रेच्या दिवशी मी बैलबाजारात आजाला शोधत फिरले. कोणी पाठवलं नव्हतं मला. एका खोंडाचे दात बघत उभा होता. मी त्याचा हात धरला आणि चला बोलले, नाय बोलला, आणि मी रडायलाच लागले, पुढं काय काय बोलले आठवत नाय. लोक बघायला लागले. बहुतेक लाजेने आला तो. "पानी पिऊन निघनार," वाटेत तीनदा बोलला.

आत आला नाय, ओट्यावर बसला. काकी पाणी देऊन दाराच्या आड उभी राहिली. काकांनी ते घाटाचं दार चौघांकडनं उचलून ओट्यावर आणलं.

"मामा, जरा बघा," एवढंच बोलले आणि बटण फिरवलं. गाडी निघाली, अर्ध्या चढाला गेली, चाकं गरगर फिरायला लागली, गाडी तिथंच.

"मोडली," आजा बोलला.

"मोडली नाय. जड हाय."

गाडी खाली घेतली. मग काका उकिडवे बसले, काळं इंजिन मागं ठेवलं आणि त्या जाड बोटांनी एवढंसं कपलिंग अडकवलं. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा बसलं. आणि मला माहीत नाय का, पण त्यांनी उजवा हात वर केला, झेंडी धरल्यासारखा. परत बटण. गाडी हळूहळू चढली. अर्ध्यावर थोडी अडखळली, काकीने दारामागनं श्वास ओढला तो मला ऐकू आला, आणि मग वर गेली. पूर्ण वर. काकांनी मागचं इंजिन सोडवलं, पुढची गाडी उचलून बाजूला ठेवली, आणि बटण उलटं फिरवलं. काळं इंजिन एकटंच घाट उतरून खाली आलं.

"हा नाय जात पुढं?" आजाने विचारलं.

"नाय. हा परत येतो. दुसरी गाडी उभी असते."

"आतल्या मानसांना कळतं का, मागनं कोन लावलाय ते?"

"झोपलेली असतात मामा."

आजाने वाकून रुळावर बोट फिरवलं. मग बोलला, "तवाच का नाय सांगितलंस?"

काकांनी खाली बघून विचारलं, "सांगितलं असतं तर दिली असती का जनीला?"

आजाने विचार केला. खरंच केला, मी बघत होते.

"नसती."

मग दाराच्या आडनं काकी बोलली, "मंग बरं झालं नाय सांगितलं ते."

आजा हसला नाय. टोपी काढून बाजूला ठेवली आणि त्या घाटाजवळ सरकून बसला. "ते मागचं," तो बोलला, "मला अडकवायला दे. बघू बसतंय का."