शिवलिंगचा डावा कान

आमची तोफखान्याची रेजिमेंट तेव्हा राजस्थानात फायरिंग रेंजवर होती. मी हवालदार, एका गनचा डिटॅचमेंट कमांडर, म्हणजे त्या तोफेच्या तुकडीचा प्रमुख, गाव बिलोली तालुक्यात. नाईक शिवलिंग अहमदपूरचा. माझ्या गनचा नेम तोच लावायचा.

सकाळी साडेपाचला तो तंबूतून बाहेर आला. झोपताना ठीक होतं, उठल्यापासून डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही, म्हणाला. त्याला एमआय रूमला, रेजिमेंटच्या दवाखान्यात, दाखवायचं होतं.

तोफखान्यात कानाची तक्रार कोणाला नसते? शिवाय पुढच्याच आठवड्यात त्याची हवालदारकीची कॅडर, म्हणजे बढतीची परीक्षा, होती. मेडिकल कॅटेगरी उतरली असती तर प्रमोशन गेलं असतं.

"गनचा दणका हाय," मी म्हणालो. "दोन दिवसांत खुलतंय. राहू दे."

"हाव, उस्ताद."

चार दिवसांनी थोडं ऐकू येऊ लागलं. कॅडर पास झाला, हवालदार झाला. पुढं दोन वर्षं तो फोन उजव्याच कानाला लावायचा. मी बघत होतो. चालताना झोक जायला लागला, तेव्हा थकला असेल म्हणून सोडून दिलं.

मग एका ड्रिलला, दहा चाळीसला, गाडीवरून उतरताना तो कोसळला. उठवलं तर उभं राहता येईना. मी वायरलेस सेट घेतला.

"गन तीन. कॅज्युअल्टी एक. अॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

मिलिटरी हॉस्पिटलात एमआरआय झाला. कानाच्या नसेवर गाठ होती. कॅन्सर नव्हता. पण गाठ सावकाश वाढत मेंदूवर दाबत होती. सर्जन मेजरसाहेबांनी मला समोर बसवून सांगितलं, "एकच कान अचानक गेला की लगेच दाखवायचं. दर वेळी गाठ निघत नाही. पण बघावं लागतं. तेव्हाच दाखवलं असतं तर गाठ लहान असताना सापडली असती."

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी शिवलिंग गेला.

पार्थिवाबरोबर मीच अहमदपूरला आलो. लिंगायत रीतीनं शेतात समाधी दिली. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला, महानंदाला, कान गेला त्या सकाळचं सगळं मी सांगितलं. 

"मी लई म्हणलं दवाखान्यात दाखवा," ती म्हणाली. "ते म्हणायचे, उस्तादांनी सांगितलंय, काई न्हाई. मग मी बी गप बसले."



रेजिमेंटच्या स्मारकावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. शिवलिंगचं तिथं नाही, नियमानं असणारही नाही. म्हणून मी इथं लिहितो. हवालदार शिवलिंग, तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर.