सिस्टरबाईंचं जवस

"मी पाणी देत नाई. ज्याले जगाचं हाय त्यानं जगावं," असं म्हणून सिस्टरबाई कमरेवर हात ठेवायच्या आणि समोरच्या हिरवळीकडे रोखून पाहायच्या. ती हिरवळ माझी होती.

देवळीत आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, त्यांचं घर माझ्या दारासमोरच. उभी हयात नर्स म्हणून नोकरी केलेली. निवृत्त झाल्यावर एकट्याच राहायच्या. गुडघे कुरकुरू लागले तशा त्यांनी गुलाबाच्या कुंड्या वाटून टाकल्या, चटणीसाठी डब्यात ठेवलेलं जवस घेतलं आणि पावसाळा सरताच अंगणभर फेकलं. काळ्या मातीतल्या मुरलेल्या ओलीवर ते आपलं आपण वाढलं.

जवसाचं फूल तुम्ही पाहिलं असेल, तर सकाळीच पाहिलं असणार. दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. आमच्याकडे सुंदर अंगणाची स्पर्धा झाली, तेव्हा परीक्षक जेवणं आटोपून तीन वाजता आले.

"हे तर शेत आहे. फुलं कुठे आहेत?"

"सकाळची ड्युटी करून गेले ते. तुमी काऊन उशिरा आले?"

बक्षीस माझ्या हिरवळीला मिळालं. बाईंनी अभिनंदन केलं नाही. मार्चमध्ये नळ आठवड्यातून एकदा येऊ लागले, हिरवळ वाळून गेली, आणि पुढच्या हंगामाला मी निमूट त्यांच्याकडून बी मागून आणलं.

त्यांचा मुलगा पुण्याला. एका दिवाळीला तो आला आणि मागोमाग अंगणभर बसवायला सिमेंटच्या गट्टूंची ट्रॉली आणि मिस्त्री आले. अंगणात रोपं बोटभर झाली होती. बाईंनी खुर्ची उचलली आणि थेट रोपांच्या मधोमध जाऊन बसल्या.

"आई, मातीत घसरून पडशील."

"पडली तं मातीत पडन. गट्टूवर डोकं फुटते."

"लोक हसतात. घरासमोर शेत ठेवतं का कोणी?"

"हसू दे. माया बापानं जलमभर दुसऱ्याच्या वावरात जवस सोंगलं. हे माया नावावरचं हाय. इथं काय उगवाचं, थे मी ठरवन." मग मिस्त्रीकडे वळून म्हणाल्या, "पयला गट्टू माया पायावर ठेव."

मिस्त्रीनं हातातला गट्टू परत ट्रॉलीत टाकला.

मुलगा फराळाला न थांबता गेला. मी चहा घेऊन गेलो, तेव्हा बाई अजून तिथंच होत्या. "रागावला," एवढंच म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले आणि खुर्चीखाली चेपलेली रोपं एकेक करून उभी करू लागल्या.

मागच्या एप्रिलमध्ये त्या झोपेतच गेल्या.

दिवाळीच्या आधी मुलगा एकटाच आला. घर झाडलं, पुसलं, आणि मग एक पाकीट घेऊन अंगणात उभा राहिला. पुण्याच्या दुकानातलं जवस होतं.

"भाजलेलं आहे हे," मी म्हणालो. "उगवणार नाही."

तो बराच वेळ पाकिटावरची अक्षरं वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, तुमच्याकडे असेल का?"

मी घरातून बी आणून त्याच्या ओंजळीत ओतलं. त्याला फेकता येईना. सगळं एकाच जागी पडलं. 

जानेवारीत त्या घराला कुलूप होतं. गवत माजलेल्या अंगणात परातीएवढ्या एकाच जागी निळी फुलं दाटीवाटीनं उभी होती. मी फोटो काढून त्याला पाठवला. लगेच फोन आला. मी दोनदा हॅलो म्हणालो. पलीकडून कोणी बोललं नाही, आणि फोन ठेवलाही नाही.