सर्व्हर आडनाव विचारत नाही

आमच्या विभागप्रमुखांना बेळगावात विद्वान म्हणतात. नवा माणूस आला की हे विद्वान आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि मग खुर्ची द्यायची का नाही ते ठरवतात. निपाणीहून मी कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायला रुजू व्हायला आलो, तेव्हा मला उभंच ठेवलं.

पुढं लॅबच्या सगळ्या मशिनवर एका सर्व्हरवरून, नेटवर्कच्या केबलमधूनच विंडोज टाकायचं ठरलं. सर्व्हरकडं नोंद नसलेल्या मशिनलाही मिळू दे, चौकशीत वेळ जातो, असा हुकूम त्यांनीच सोडला.

एक दिवस त्यांनी स्वतःचा लॅपटॉप लॅबच्या केबलला जोडला आणि स्क्रीनवरच्या प्रत्येक प्रश्नाला न वाचता एंटर मारला. होतं ते सगळं पुसून पोरांच्या मशिनसारखं कोरं विंडोज बसलं.

"हा कुणाचा लॅपटॉप हाय, एवढंबी सर्व्हरला कळंना व्हय?" ते माझ्यावर डाफरले.

मी खुर्ची ओढून बसलो. "सर, त्याला आडनाव विचारायची सवय न्हाय."